दिवाणखान्यातले ध्वनिमुद्रण



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून थोर पुरुषांची चरित्रे, लढाया, राज्यक्रांत्या असे भारदस्त विषय आपण ऐकत आला आहात. त्या मानाने आजचा माझा विषय हलका वाटेल. घरातल्याच एखाद्या खोलीत, केवळ हौसेने, ध्वनिमुद्रणाची सोय करणाऱ्या माणसांचा इतिहास मी सांगणार आहे. विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "यात इतिहास तो कसला? ही तर काल-परवाची पोरांची हौस." आमच्या गल्लीत दोन घरे अशी आहेत, की तिथली कॉलेजात जाणारी मुले भिंतींना गाद्या टांगतात आणि संगणकापुढे मायक्रोफोन मांडून रात्री-बेरात्री गाणी मुद्रित करीत बसतात. त्यांच्याकडे पाहूनच हा प्रश्न आला असावा. पण ही हौस काल-परवाची नव्हे. ध्वनिमुद्रणाचा जन्मच मुळी घरात वापरायच्या वस्तूच्या रूपाने झाला. मग ते घरातून बाहेर गेले, आणि चाळीस-एक वर्षांनी, काही हट्टी माणसांच्या खटाटोपामुळे परत आले. हे जाणे-येणे कसे घडले आणि मधल्या काळात आपण काय गमावले, एवढेच आज सांगायचे आहे.

थॉमस एडिसनने फोनोग्राफ तयार केला तो १८७७ साली. धातूच्या नळकांड्यावर कथलाचा वर्ख गुंडाळायचा, दांडा हाताने फिरवायचा आणि तोंड जवळ नेऊन मोठ्याने बोलायचे. बोलण्याने पडदा थरथरे, त्याला जोडलेली सुई वर्खावर खळगे उमटवी, आणि त्या खळग्यांवरून सुई पुन्हा फिरवली की बोललेले ऐकू येई. या यंत्राचा उपयोग काय, हे एडिसनने १८७८ साली 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' या मासिकात लिहिले आहे. ती यादी वाचण्याजोगी आहे. पहिला उपयोग पत्रे सांगण्याचा, दुसरा अंधांसाठी बोलत्या पुस्तकांचा, तिसरा वक्तृत्वशिक्षणाचा. संगीताचा क्रमांक चौथा! आणि पाचवा उपयोग कुटुंबाच्या आठवणींचा, म्हणजे घरच्या माणसांचे बोल, अगदी मरणाऱ्याचे अखेरचे शब्दही, जपून ठेवण्याचा. यंत्र विकत घेणारा माणूस स्वतः बोलेल आणि स्वतःच ऐकेल, हे एडिसनने गृहीत धरले होते.

पुढच्या दहा-बारा वर्षांत वर्खाच्या जागी मेणाच्या नळ्या आल्या. पाटी पुसावी तसे मेण खरवडून नळी पुन्हा वापरता येई. एका नळीवर मिनिटे दोनच मावत, आवाज डब्यातून आल्यासारखा येई. पण युरोप-अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांतून लोक आपल्या मुलांची गाणी आणि पाहुण्यांची भाषणे या नळ्यांवर घेत. आपल्याकडे कलकत्त्यात 'कुंतलीन' केशतेल विकणारे हेमेंद्रमोहन बोस यांना या यंत्राचे असेच वेड लागले. त्या वेडातून त्यांनी रवींद्रनाथांचा आवाज नळ्यांवर घेतला आणि १९०६ च्या सुमारास नळ्यांचे दुकानच थाटले. तेलाच्या व्यापाऱ्याने हौसेपायी केलेले हे काम आपल्या देशातल्या ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात मानाने नोंदले गेले आहे.

पण तोवर वारे फिरले होते. एमिल बर्लिनर याने १८८७ साली सपाट तबकडीचा मार्ग काढला. नळीच्या प्रती काढणे जिकिरीचे असे. तबकडीचा एकदा साचा केला, की टांकसाळीतून नाणी पाडावीत तशा हजारो प्रती निघत. व्यापाराच्या दृष्टीने लढाई तिथेच संपली. मात्र एक गोष्ट त्या वेळी फारशी कुणी बोलून दाखवली नाही. ग्रामोफोन घरात आला, त्याला कर्णा होता, सुई होती, चावी होती. फक्त कान नव्हता. त्याला ऐकवता येई, ऐकता येत नसे. ध्वनिमुद्रण करायचे ते कंपनीने, आणि कुणाचे करायचे हेही कंपनीनेच ठरवायचे.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे घेतले. मेणाच्या मूळ तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि प्रती होऊन परत येत. इथला कारखाना निघाला तो १९०८ साली, सियालदा येथे. गाणे संपताच गौहरजान आपले नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत, कारण हॅनोव्हरच्या कारागिरांना तबकडी कुणाची हे दुसरे कोण सांगणार? रात्रभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवायचा होता. तबकडीशी माझे भांडण नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज आज ऐकायला मिळतो तो तबकडीमुळेच. पण ज्यांचा आवाज कंपनीपर्यंत पोहोचला नाही, त्यांचे काय झाले? भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. बालगंधर्वांचे आणि मास्तर कृष्णरावांचे गुरू, पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक; त्यांच्या गाण्याची आठवण शिष्यांनी सांगितली ती ऐकावी, एवढेच आपल्या हाती आहे. त्यांची एकही तबकडी नाही. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या कुणा रसिकाच्या माडीवर एक मेणाचे यंत्र असते आणि त्याने बुवांची दोनच मिनिटे धरून ठेवली असती तर, असे मनात आल्याखेरीज राहत नाही.

घराला कान परत मिळू लागले ते १९३०-४० या दशकात. अॅल्युमिनियमच्या तबकडीवर लाखेसारख्या रसायनाचा लेप देऊन त्यावर तिथल्या तिथे रेघ कोरणारी यंत्रे निघाली. नभोवाणी केंद्रांसाठी ती होती, पण हौशी लोकांनीही घेतली. त्यांपैकी एक लेस पॉल, हा गिटारवादक. हॉलिवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने ध्वनिमुद्रणाची खोली केली. तबकडी एकसारख्या गतीने फिरावी म्हणून कॅडिलॅक मोटारीचे जड चाक त्याने यंत्राला बसवले होते. एकट्यानेच अनेक गिटारी वाजवाव्यात ही त्याची कल्पना. एक सूर एका तबकडीवर घ्यायचा, ती तबकडी वाजवत तिच्या साथीला दुसरा सूर वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर घ्यायचे, मग तिसरा. दर उतारीत आधीचा सूर थोडा पुसट होई, म्हणून कमी महत्त्वाचे सूर आधी घ्यायचे, मुख्य सूर शेवटी. शेवटच्या फेरीत बोट चुकले की सगळे पहिल्यापासून! अशा रीतीने आठ गिटारींचे 'लव्हर' हे वादन १९४८ साली बाहेर आले.

ज्या व्यावसायिक स्टुडिओत तासाचे भाडे मोजावे लागते, तिथे हा प्रयोग कोण करू देईल? घरातल्या खोलीचे पहिले बळ हेच, की तिथे घड्याळाकडे पाहणारा कुणी नसतो.

याच सुमारास चुंबकीय फीत आली. ती जर्मनांची. ए.ई.जी. कंपनीचा मॅग्नेटोफोन १९३५ च्या बर्लिनच्या प्रदर्शनात दिसला होता, पण युद्धामुळे बाहेरच्या जगाला त्याचे पुढले रूप कळले नाही. जॅक मुलिन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने युद्धानंतर दोन यंत्रे सुटी करून आणि पन्नास रिळे अशी टपालाने घरी पाठवली, आणि १९४६ साली सॅन फ्रान्सिस्कोला ती वाजवून दाखवली. प्रत्यक्ष ऐकतो आहोत की फीत, हे ऐकणारांना ओळखू येईना. गायक बिंग क्रॉस्बीने पैसा घातला आणि अँपेक्स कंपनीची यंत्रे निघाली. त्यांतले एक क्रॉस्बीने लेस पॉलला भेट दिले. त्याने त्याला एक जादा शीर्ष बसवले, आणि बायको मेरी फोर्ड हिच्यासह 'हाऊ हाय द मून' हे गाणे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या राहत्या घरी केले. १९५१ साली ते अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते.

आता मी ज्या माणसाकडे येतो, त्याच्यासाठीच खरे म्हणजे हा विषय घेतला. रूडी व्हॅन गेल्डर हा १९२४ साली न्यू जर्सीत जन्मला. पेशाने डोळे तपासून चष्मे देणारा. लहानपणापासून हौशी बिनतारी यंत्रांचा नाद, थोडे ट्रंपेटवादन, आणि बाराव्या वर्षापासून घरगुती तबकडीयंत्राची संगत. १९४६ च्या सुमारास त्याच्या आईवडिलांनी हॅकेन्सॅक गावी घर बांधले. मुलाच्या हट्टाखातर वडिलांनी दिवाणखान्याला लागून एक लहान खोली काढली आणि मधल्या भिंतीत दुहेरी काचेची खिडकी ठेवली. काचेपलीकडे आईचा दिवाणखाना, अलीकडे मुलाची यंत्रे. दिवसा दुसऱ्या गावी दवाखाना चालवायचा, आणि संध्याकाळी गावातल्या वादकांना बोलावून त्यांचे वादन घ्यायचे, असा त्याचा क्रम होता. दवाखान्यात मिळालेला पैसा यंत्रांत जाई. जर्मनीहून आलेला नॉयमान यू ४७ हा महागडा मायक्रोफोन अमेरिकेत ज्या मोजक्या लोकांनी आधी घेतला, त्यांत हा चष्मेवाला होता.

पुढे काय झाले ते ऐका. गिल मेले नावाच्या वादकाचे याने घरी केलेले मुद्रण ब्लू नोट या कंपनीच्या आल्फ्रेड लायनच्या कानी पडले. लायन जर्मनीतून आलेला, जॅझचा वेडा. त्याने ती तबकडी आपल्या नेहमीच्या स्टुडिओतल्या तंत्रज्ञापुढे ठेवली आणि म्हणाला, मला असा आवाज हवा. तंत्रज्ञ प्रामाणिक निघाला. तो म्हणाला, मला हे जमणार नाही. ज्याने केले त्याच्याकडेच जा. मला या कथेत त्या तंत्रज्ञाबद्दल अधिक आदर वाटतो. असो. १९५३ पासून ब्लू नोटचे वादक, आणि मागोमाग प्रेस्टीजसारख्या दुसऱ्या कंपन्यांचे, न्यूयॉर्कहून हडसन ओलांडून या दिवाणखान्यात येऊ लागले. सनी रोलिन्सचे 'सॅक्सोफोन कोलोसस' १९५६ साली इथे झाले. जॉन कोल्ट्रेनचे 'ब्लू ट्रेन' १९५७ साली. माइल्स डेव्हिसच्या पंचकाने १९५६ साली मे आणि ऑक्टोबरमधल्या अवघ्या दोन दिवसांत इथे चार तबकड्यांचा ऐवज वाजवला. थेलोनियस मंक याने तर आपल्या एका रचनेला 'हॅकेन्सॅक' हे गावाचेच नाव दिले. त्या काळची छायाचित्रे पाहिली, तर जगद्विख्यात वादकांच्या मागे खिडकीवरच्या साध्या घरगुती पट्ट्यांच्या झडपा दिसतात.

व्हॅन गेल्डरचे रहस्य काय, हे त्याने कधी सांगितले नाही. यंत्रांना तो हातमोजे घालून हात लावी आणि दुसऱ्याला लावू देत नसे. पण थोडा विचार केला तर एक गोष्ट उघड दिसते. तेरा वर्षे तो एकाच खोलीत ऐकत होता. ढोल कुठे ठेवला की भिंत गुरगुरते, सॅक्सोफोन किती जवळ घेतला की श्वास ऐकू येतो, पियानोचे झाकण किती उघडायचे, हे त्याला त्या दिवाणखान्यापुरते पाठ झाले होते. मायक्रोफोन वादकांच्या अगदी जवळ लावायचा आणि खोलीचा घुमारा हवा तेवढाच घ्यायचा, ही त्याची रीत. इथे आपल्या मुलांना दोन शब्द सांगावेसे वाटतात. पैसे जमले की मुले प्रथम यंत्र घेतात. खोलीकडे सर्वांत शेवटी पाहतात. आपली आजची खोली म्हणजे समोरासमोर चार गुळगुळीत सिमेंटच्या भिंती आणि खाली फरशी. टाळी वाजवून पाहा. आवाज चेंडूसारखा दोन भिंतींत टोलवला जातो. महागडा मायक्रोफोन हे टोलवणे अधिक इमानाने टिपतो, इतकेच. पुस्तकांनी भरलेले उघडे कपाट, जाड गोधडी, जमिनीवर सतरंजी, आणि गाणारा भिंतीपासून दूर, पण खोलीच्या नेमक्या मध्यावर नव्हे, एवढे केले तरी अर्धे काम होते. जुन्या वाड्यातले माजघर, ज्याला लाकडी तक्तपोशी, मातीच्या जाड भिंती आणि कोनाडे, ते या कामाला आजच्या सदनिकेहून किती तरी बरे. मात्र वाडे पाडून झाल्यावर ही गोष्ट आपल्या लक्षात येते आहे.

व्हॅन गेल्डरवर टीकाही झाली. चार्ल्स मिंगस या बासवादकाचे म्हणणे असे, की हा माणूस वादकाचा मूळ स्वरच बदलतो, म्हणून मी त्याच्याकडे जाणार नाही. त्याच्या मुद्रणातला पियानो दबलेला वाटतो, ही तक्रार तर अनेकांची. मला ती खरी वाटते. घरातल्या माणसाचा कान एका खोलीला सरावला, की तिचे दोषही त्याला ऐकू येईनासे होतात. १९५९ साली त्याने दवाखाना बंद केला आणि जवळच इंगलवुड क्लिफ्स येथे एकोणचाळीस फूट उंच लाकडी कमानींचा स्टुडिओ बांधला. कोल्ट्रेनचे 'अ लव्ह सुप्रीम' १९६४ च्या डिसेंबरात तिथे झाले. पण तिथेही त्याने राहते घर स्टुडिओला लागूनच ठेवले. २०१६ साली, एक्याण्णवाव्या वर्षी तो तिथेच वारला.

लंडनच्या हॉलोवे रोडवर एका चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरच्या बिऱ्हाडात जो मीक या तंत्रज्ञाने असाच संसार मांडला होता. एका खोलीत वादक, दुसऱ्या खोलीत यंत्रे, घुमाऱ्यासाठी न्हाणीघर. तिथे केलेले 'टेलस्टार' १९६२ साली अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर गेले. पण खाली दुकान, वर रात्रंदिवस गोंगाट, डोक्यावर कर्ज आणि मनाचा तोल ढळत चाललेला. १९६७ च्या फेब्रुवारीत त्याने घरमालकिणीला गोळी घातली आणि मग स्वतःला. हौसेचे काम घरात आणले की ते घराच्या वेळा पाळीत नाही, हे त्या बिऱ्हाडाकडे पाहून कळते.

यानंतरची हकीकत भराभर सांगता येईल. १९७९ साली टीॲक या जपानी कंपनीने साध्या कॅसेटवर चार पदर वेगवेगळे घेणारे यंत्र काढले. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, निजायच्या खोलीत, त्यावर काही गाणी नमुना म्हणून घेतली. पुढे स्टुडिओत साऱ्या वाद्यवृंदासह ती पुन्हा करून पाहिली, पण मूळ कॅसेटचा गुण त्यांत उतरेना. शेवटी खिशात घालून हिंडवलेली ती कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने प्रसिद्ध झाली. मग संगणक आले. लॉस एंजेलिसमधल्या भावाच्या खोलीत गायलेल्या गाण्यांनी बिली आयलिश या मुलीने २०२० साली ग्रॅमीचे प्रमुख चारही पुरस्कार मिळवले. आज प्रत्येकाच्या खिशातल्या फोनला कान आहे.

आपल्याकडे रिळांची यंत्रे घरोघरी नव्हती, पण एखाद्या डॉक्टरकडे, वकिलाकडे, गाण्याच्या नादी कापडव्यापाऱ्याकडे असत. दिवाणखान्यातल्या बैठकीत गवयासमोर मायक्रोफोन ठेवून या मंडळींनी जे टिपले, त्यामुळेच कित्येक गायकांचे तास-तासभराचे, मनमोकळे गाणे आज आपल्याला ऐकता येते. यात परवानगीचा प्रश्न आहेच. केसरबाई केरकरांना आपले गाणे कुणी असे टिपून घ्यावे हे मुळीच खपत नसे, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. गाणे त्यांचे, ते कुठवर जावे हे ठरवण्याचा हक्कही त्यांचाच. चोरून घेतलेल्या फितीवर बाई ऐकताना कान सुखावतात आणि मन अवघडते, आणि ते अवघडणे योग्यच आहे.

शेवटी एक घरची गोष्ट सांगतो. १९८८ च्या उन्हाळ्यात मी माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर घेतल्या. तिची आनंदाने संमती होती. खोली माजघराची, म्हणजे उत्तम; पंखा बंद केला, हेही बरोबर. पण टेपरेकॉर्डर पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवला, आणि त्याच्या मोटारीची घरघर ट्रंकेतून घुमून साऱ्या फितीवर उतरली. ते दुःख फार नाही. दुसरे आहे. कॅसेट वाया जाऊ नये म्हणून, ओवी संपली की मी कळ दाबून यंत्र बंद करी आणि आत्या पुन्हा गाऊ लागली की सुरू करी. मधे ती जे बोलली, ही ओवी कुणाकडून शिकले, तेव्हा कोण कोण होते, कुणाच्या बाळंतपणात ती म्हटली, ते सारे मी गाळले. कंपनीच्या तबकडीला तीन मिनिटांची अडचण होती. माझ्याकडे साठ मिनिटांच्या तीन कोऱ्या कॅसेटी होत्या.

एका ठिकाणी मात्र कळ दाबायची राहून गेली आहे. ओवी संपते, जाते थांबते, आणि आत्या विचारते, "लागलंय का रे ते अजून?" मी "नाही" म्हणतो. मग ती हसते आणि आत वहिनीला सांगते, की दूध उतू जाईल, बघ गं. आणि तिच्या बांगड्यांचा आवाज दारापर्यंत जाताना ऐकू येतो.